मधल्या भाकरी

चहा बशीत ओतायचा, पण शेवटचा घोट तसाच ठेवून उठायचा. कुणी काही सांगू लागलं की दुसऱ्याच वाक्याला म्हणायचा, ‘पुढं?’ खिशात रुमालात गुंडाळलेली लहान कात्री. फिल्म कापताना पांढरा हातमोजा, तोही फक्त डाव्या हातात. टेबलावर वाकण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सारायचा; फिल्मला ओरखडा पडू नये म्हणून. रस्त्यात वरात आडवी आली की हसायचा. ‘हे सगळं कापता येईल.’

असा भीमाशंकर. नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत तो लग्नाच्या मुक्या फिल्म जोडून द्यायचा. दिवसभराचं लग्न दहा मिनिटांत बसवायचा. एकदा एका नवरीचा मामा स्टुडिओत येऊन भांडला.

‘अवो, तीन पंगती वाढल्या की मी! आन् तुमच्यात नुसता एक लाडू?’

‘मामा, त्या एका लाडवात तिन्ही पंगती आल्या,’ भीमाशंकर म्हणाला.

ज्ञानबा तिथं पासपोर्ट फोटोसाठी बसला होता. करमाळ्याचा, नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला. एकात सगळं कसं मावतं, हे पुस्तकांत त्याला कधी नीट उमगलं नव्हतं; ते त्या लाडवात उमगलं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

१९७४ साली भीमाशंकरनं स्वतःची फिल्म केली. चार मिनिटांची. त्याची आई निंगव्वा बाजारासाठी कडक भाकरी करायची. पहाटे चुलीपुढं बसायची, ती ऊन अंगणभर होईपर्यंत. त्यानं तिची एक आख्खी सकाळ कॅमेऱ्यात घेतली आणि मग कापत सुटला. पिठाचा गोळा. थापणारे हात. तवा. आणि लगेच टोपलीत भाकरींची उंच चवड. भिंतीवरच्या चादरीवर ते बघताना निंगव्वानं तोंडाला पदर लावला.

‘इतक्यात झाल्याबी? मग माजी कंबर कशानं मोडली रं?’

आळीतले सगळे हसले. भीमाशंकर सगळ्यांत जास्त. कापलेले तुकडे त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले.

पुढं जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप खराब झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनची वेळ निघून गेलीय. परत आल्यावर त्यानं तो डबा उघडला.

‘काय करतोयस?’ ज्ञानबानं विचारलं.

‘मधल्या भाकरी परत घालतोय.’

‘लोक कंटाळतील की.’

‘लोकांचं कुठं काय! अव्वाची सकाळ मी चार मिनिटांत खाल्ली. ती तिला परत द्यायचीय. जमेल तेवढ्यात.’

तुकडे डब्यात मिसळून गेले होते. आधीचा कुठला, नंतरचा कुठला, त्यालाही कळेना. मग निंगव्वा शेजारी येऊन बसली. एकेक तुकडा उजेडाला धरून चष्म्यातून बघायची.

‘ह्यो आदीचा. चवड बग की, टोपलीचा काठबी गाठला न्हाय.’

ती क्रम लावायची, तो जोडायचा. ज्ञानबा बघत बसायचा. ‘पुढं?’ आता कुणी म्हणत नव्हतं.

शेवटी एक तुकडा उरला. वीतभर. त्यात टोपली नव्हती, तवा नव्हता. नुसता निंगव्वाचा चेहरा, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारा. असं बघणं म्हणजे चूक, म्हणून त्यानं हाच तुकडा सगळ्यांत आधी कापला होता.

‘अव्वा, हे कुठल्या भाकरीच्या वेळचं?’

‘मला काय म्हाईत? मी तर दर भाकरीला तुज्याकडं बगत हुते. सकाळपास्नं उपाशी हुतास की.’

दोरीला चिमटा लावून भीमाशंकरनं तो तुकडा टांगला. ‘उद्या बघू,’ म्हणाला.

त्याच रात्री झोपेत तो गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून पुरलं. मान किंचित पुढं झुकली होती, टेबलापाशी असायची तशी. माती पडायला लागली तरी ज्ञानबाला वाटत होतं, हा आता मान वर करणार.

काही दिवसांनी निंगव्वानं ज्ञानबाला बोलावून घेतलं.

‘तू शिकलेला हाईस. तेवढं चिकटवून टाक की रं.’

त्यानं पांढरा हातमोजा डाव्या हातात चढवला. तुकडा चिमट्यातून काढला. उजेडात चेहरा दिसला. कात्री उचलली. रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवलं, पुन्हा मागं आणलं. कुठंही लावला असता तरी चाललं असतं; पण मग ते बघणं एकाच भाकरीचं झालं असतं.

त्यानं तो परत चिमट्यात अडकवला. खिडकीतून वारा आला की अजून हलतो.