वेणूकाकूंच्या झोळीत कुणाच्या भाकरी होत्या

मोगरवाडीच्या यात्रेत आपण गेली काही वर्षं ज्या भाकरी प्रसाद म्हणून खातो, त्यांतल्या बहुतेक आपल्या घरांत भाजलेल्या नव्हत्या. गावाच्या कडेला कारखान्यांतल्या कामगारांसाठी ज्या खोल्या बांधल्या आहेत, तिथल्या भाडेकरू बायांनी त्या भाजल्या होत्या. वेणूकाकूंनी हे गेल्या रविवारी ग्रामसभेत सांगितलं. सरपंचबाईंनी चार घरांत विचारून ते खरं असल्याचं मला कळवलं. पाचवं घर माझं. तिथली खातरजमा माझ्या पत्नीने केली, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

काकूंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव समितीचे अध्यक्ष रामदासतात्या यांनी दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे गौरव अंकासाठी लेख मागितला, तेव्हा मी काकूंच्या फुलशेतीवर लिहिणार होतो. पहाटेची शेवंती तोडून नाशिकच्या फुलबाजारात नेणं, खोल्यांमधल्या बायांना हार ओवायला शिकवून दसऱ्याच्या दिवसांत काम मिळवून देणं, हे सगळं लिहिण्यासारखंच आहे. पण वर्तमानपत्रात आयुष्य गेलेल्या माणसाला ताजी बातमी बाजूला ठेवून जुनी लिहिता येत नाही.

काकूंची माझी ओळख झाली ती झोळीमुळेच. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही देवळ्याहून बदली होऊन नाशिकला आलो आणि मोगरवाडीत घर बांधलं. पहिल्याच चैत्रात गावदेवीच्या यात्रेच्या सकाळी एक बाई खांद्याला लुगड्याची झोळी अडकवून दारात उभ्या राहिल्या. आम्ही गावात नवीन आहोत, असं मी सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "घर नवं हाय, पण चूल पेटली ना? मग पाच भाकरी द्यायच्या." सगळ्या घरांच्या भाकरी देवळापुढे एकाच ढिगात पडतात, त्यातूनच पंगतीला वाढतात, आणि पानात आलेली भाकरी कुणाची हे विचारायचं नाही, हा देवीचा नेम त्यांनी मला समजावून दिला. त्या दुपारी पंगतीत बसलो आणि मोगरवाडीचा झालो. मूळचा कुठला, हे मला पुन्हा कुणी विचारलं नाही. घर माझ्या नावावर होतं, हे त्याचं कारण असावं असं आता वाटतं.

खोल्यांमधल्या माणसांना मात्र ते रोज विचारलं जातं. पेठ-हरसूलकडची, मालेगावची, बिहारची कुटुंबं तिथे दहा-दहा वर्षं राहतात. टँकर येतो तेव्हा गावाची रांग आधी, खोल्यांची नंतर. एका उन्हाळ्यात काकू आपला हंडा घेऊन खोल्यांच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, काकू, तुमची रांग ती नव्हे. काकूंनी मान वळवूनही पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या आणखी दोघी त्यांच्यामागे उभ्या होत्या. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस रांग एकच झाली.

यंदा तात्यांनी त्या ग्रामसभेत ठराव आणला. खोल्यांतली वस्ती फार वाढली, तेव्हा पंगतीत फक्त घरपट्टी भरणारे गावकरी बसतील आणि भाडेकरूंना देवळाच्या फाटकापाशी हातात प्रसाद दिला जाईल. परंपरा शुद्ध राहावी, एवढाच हेतू असल्याचं तात्यांनी सांगितलं. बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प होतो.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मागच्या यात्रेला झोळीत आलेल्या भाकरींपैकी गावातल्या किती घरांत भाजलेल्या होत्या, ते सांगते म्हणाल्या. "तीन घरं. बाकीच्यांनी पीठ दिलं. भाकरी खोल्यांतल्या बायांनी थापल्या."

मग तात्यांनी विचारलं, "काकू, म्हणजे एवढी वर्षं आम्ही खाल्लं काय?"

"भाकरीच खाल्ली, तात्या. तुम्ही तर दोनदा मागून घेतली."

हसायला कुणी धजलं नाही. काकूंनी एकाही घराचं नाव घेतलं नाही. मी कुणाला फसवलं नाय, कुणी विचारलंच नाय, असं त्या म्हणाल्या. यात चूक असेल तर माझीही जागा फाटकापाशी ठेवा, मी तिथंच बसेन, एवढं बोलून त्या खाली बसल्या.

संध्याकाळी मी घरी हे सांगत होतो, तेव्हा पत्नी मेथी निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "आपण नऊ वर्षं पीठच देतोय." गॅसवर बाजरीची भाकरी नीट होईना, नोकरीची घाई, म्हणून तिने काकूंना विचारलं होतं. काकू म्हणाल्या, पीठ दे, पुढचं मी बघते. हे फक्त आपणच करतो, असं तिला वाटत होतं आणि लाज वाटत होती, म्हणून ती बोलली नाही. सरपंचबाईंना चारही घरांत हेच उत्तर मिळालं. प्रत्येक सून समजत होती की गावात आपणच एकटी अशी आहे. काकूंनी एकीचं गुपित दुसरीला कळू दिलं नाही. अशी माया फार थोड्यांना जमते.

मला आणखी एक धक्का बसला, तो माझा मलाच. पत्नीचं बोलणं ऐकताना क्षणभर मनात आलं, म्हणजे नऊ वर्षं आपण कुणाच्या हातचं खाल्लं? जातपात मानत नाही असं मी आयुष्यभर अग्रलेखांत लिहीत आलो. तो क्षण मी इथे लपवू शकलो असतो, पण काकूंवरच्या लेखात लपवणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी खोल्यांकडे गेलो. फुलमतीबाई बिहारच्या; अकरा वर्षं इथे आहेत, मुलगी गावच्या शाळेत शिकते. बाजरीची भाकरी थापायला त्यांना शेजारच्या हरसूलच्या बाईंनी शिकवलं. गेली सात वर्षं त्या भाकरी करतात आणि पंगतीत बसून जेवतात. ठरावाच्या दिवशी त्या सभेच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "काकूनी सांगितलं होतं, किसीको बोलना नहीं. हम नहीं बोले. पण गेटवर हात पुढे करायचा? अपने हाथ की रोटी भीख जैसी कैसे लें?"

परवा तात्यांचा फोन आला. लेख लवकर द्या, पण भाकरीचं त्यात नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वगळलं तर काकूंबद्दल सांगण्यासारखं फार थोडं उरेल, असं मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घरूनही पीठच जायचं. काल कळलं." आणि फोन ठेवला. लेख छापू नका, असं मात्र ते म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

काकूंच्या गुडघ्यांना बळ राहो, नजर आहे तशीच स्वच्छ राहो, आणि शंभर वर्षं पूर्ण होतील त्या चैत्रातही त्या आपल्या पायांनी दारोदार फिरोत, ही आपल्या सर्वांच्या वतीने इच्छा व्यक्त करतो.

ठराव अजून मागे घेतलेला नाही. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तो मताला टाकला जाईल, असं सरपंचबाईंनी सांगितलं. मतदान हात वर करून, सगळ्यांसमोर होईल. मी विरोधात हात वर करणार आहे. माझ्या पत्नीने सुट्टी टाकली आहे. तात्या काय करतील ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. फुलमतीबाईंचं नाव इथल्या मतदार यादीत नाही. त्या दारात उभ्या राहून हात मोजणार आहेत.