चौदाव्या ग्रीनवरचा डाग

गोल्फच्या त्या मैदानावर त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी तो ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं लोखंडी वजन सोडतात, तो ओळंबा. ह्याच्या पँटच्या उजव्या खिशात तो कायम असायचा. त्याच्या वजनाने खिसा दर सहा महिन्यांनी फाटायचा. त्याची बायको घराखालच्या दुकानात रफूचं काम करायची. खिसा शिवताना ती दर वेळी तेच म्हणायची, "लोकांच्या रेशमी साड्या जोडते मी, आणि घरात हे लोखंड."

तो मुळात गवंडीच होता. एकतीस वर्षांपूर्वी चौदाव्या ग्रीनमागची दगडी भिंत पावसाळ्यात खचली, ती बांधायला तो इथे आला. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची, अगदी बारीक गवत राखलेली जागा. भिंतीवर बसून डबा खात असताना त्याने तेव्हाचे मोठे साहेब भोक कापताना पाहिले. कापून झालं, झेंड्याची काठी रोवली, साहेब हात झटकून उठले. गवंडी घास गिळून म्हणाला, "साहेब, काठी वाकडी आहे."

"जमीन उताराची आहे, म्हणून तसं दिसतं."

"जमीन वाकडी असेल. काठीने का वाकावं?"

साहेबांना राग आला. पण ह्याने खिशातून ओळंबा काढला आणि काठीशेजारी धरला. काठी वरच्या टोकाला चांगली चार बोटं कलली होती. साहेबांनी उतारावर काटकोनात उभं राहून कटर दाबला होता, त्यामुळे भोकच तिरकं गेलं होतं. साहेब बराच वेळ त्या दोरीकडे बघत राहिले, मग कटर त्याच्या हातात देऊन म्हणाले, "मग तूच काप." भिंत पंधरा दिवसांत पुरी झाली. गवंडी मात्र परत गेलाच नाही.

रोज पहाटे अठरा भोकं. एकाच जागी भोक राहिलं तर त्याच्याभोवतीचं गवत पायांखाली मरतं, म्हणून ते रोज हलवायचं. नळकांड्यासारखा कटर ओळंब्याने सरळ धरायचा, दाबायचा, फिरवायचा. एकशे आठ मिलिमीटर रुंदीचा मातीचा डट्टा गवतासकट वर येतो. तो डट्टा कालच्या भोकात बसवायचा, पाणी द्यायचं, आणि शेवटी डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा. बसवलेला डट्टा आजूबाजूच्या जमिनीच्या केसभरही वर नको, खाली नको. डोळ्यांना जे कळत नाही ते तळहाताला कळतं, असं त्याचं मत होतं. डोळे मिटण्याची त्याची ही सवय नव्या माणसांना पूजा वाटायची. "चेष्टा नको," तो म्हणायचा, "भिंतीचा गिलावा तपासायला पण असाच हात फिरवतात."

अख्खं मैदान कठीण होतं, पण चौदावं ग्रीन कठीणच्या पुढचं. कामगार त्याला सासूबाई म्हणायचे. समोर तळं, मागे ह्याची भिंत, आणि मधे तळ्याकडे झुकलेला उतार. चेंडू जरा जोरात आला तर भिंतीवर, जरा हळू आला तर वर चढतो, थांबतो, दोन क्षण विचार करतो आणि आल्या वाटेने परत पाण्यात जातो. एक नावाजलेला खेळाडू तिथे अकरा फटके मारून भिंतीवर जाऊन बसला होता. त्याने बूट काढले, मोजे काढले आणि ओळंब्याला विचारलं, "इथे राहायला कुणी देतं का?"

त्या मैदानावर यंदा पहिल्यांदाच देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा होणार होती. नऊ दिवस उरले होते. तंबू उभे राहत होते, टीव्हीवाल्यांच्या केबली झुडपांखालून सरपटत होत्या. बायकोच्या दुकानात ज्यांनी जन्मात गोल्फचा चेंडू पाहिला नव्हता ती गिऱ्हाइकंही विचारायची, "तुमच्या ह्यांचं चौदावं म्हणे फार वाईट आहे?" ती सुई न थांबवता सांगायची, "वाईट नाही. कडक आहे."

एकच गोष्ट ठरायची बाकी होती. स्पर्धेची समिती भोकं कापायला आपला माणूस बरोबर आणते. मैदानाच्या मुख्य मॅडम वयाने तरुण, गवताच्या शास्त्रात पदवी घेतलेल्या. त्यांनी समितीला पत्र लिहिलं होतं, की आमच्याकडे माणूस आहे, तुम्ही येऊन बघा. गुरुवारी सकाळी नऊला समितीचे निरीक्षक येणार होते. त्यांनी होकार दिला तर स्पर्धेच्या चारही दिवसांची भोकं ओळंबा कापणार. नकार दिला, तर एकतीस वर्षं सांभाळलेल्या सासूबाईंवर दुसऱ्याच कुणाचा कटर चालणार, आणि हा प्रेक्षकांच्या दोरीच्या पलीकडे उभा राहून बघणार.

"झोप लागते का रे?" वस्तरा विचारायचा. वस्तरा म्हणजे ग्रीनवरचं गवत कापण्याचं यंत्र चालवणारा, ओळंब्याचा वीस वर्षांचा जोडीदार. तीन मिलिमीटरवर गवत राखायचा, म्हणून वस्तरा.

"लागते की."

"मग डोळ्यांखाली ही गाठोडी कुणाची?"

बुधवारी पहाटे वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. चौदाव्या ग्रीनमागे सूर्य उगवत होता, भिंतीचे दगड तांबूस झाले होते. कालच्या भोकात ओळंब्याने नुकताच डट्टा बसवला होता, तळहात टेकवायला खाली वाकला होता, तेवढ्यात आवाज आला, "काका, इकडे. असेच राहा. हात तसाच. जरा हसा."

आयुष्यात कुणी त्याला हस म्हणून सांगितलं नव्हतं. तो हसला. मग उभा राहून हसला, मग कटर खांद्यावर घेऊन हसला. मग पंधराव्या ग्रीनला उशीर होत होता, म्हणून निघाला.

फोटो गुरुवारी सकाळी छापून आला. ओळंबा कामावर निघायच्या आधीच, अंधुक उजेडात बायकोने तो कात्रीने नीट कापून दुकानात शिलाई मशीनच्या वर टाचणीने लावला. "एवढे दात आहेत तुम्हाला, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिने दोनदा मागे सरकून फोटो सरळ आहे ना ते बघितलं.

साडेसातला वस्तऱ्याने चौदाव्या ग्रीनवरून यंत्र फिरवलं आणि बंद केलं. हाक मारली नाही, नुसता उभा राहिला. ओळंबा तेराव्यावरून येत होता, त्याला लांबूनच दिसलं. हिरव्या ग्रीनच्या मधोमध एक तपकिरी डाग. वाटोळा.

मॅडम धावत आल्या. "पात्याची उंची किती होती?"

"तीन. नेहमीचीच. बघा मोजून," वस्तरा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

मॅडमनी मोजली. तीनच होती. मग त्या गुडघ्यांवर बसल्या, खिशातलं भिंग काढलं. "बाकी कुठे काही नाही. वाटोळा डाग, कोरडं पातं. बुरशी असेल. दमट हवेत अशीच एका जागी सुरू होते." त्या उठल्या. "कुणाची चूक नाही. पण पसरायला वेळ लागत नाही. दुपारी सगळ्या ग्रीनवर औषध मारू. निरीक्षकांना मी सांगते."

वस्तऱ्याने श्वास सोडला. कुणाचीच चूक नाही, हे वाक्य फार गोड होतं. ओळंब्याच्याही कानांना ते गोडच लागलं. नऊ वाजता निरीक्षक येतील, बुरशीकडे बघून मान हलवतील, मग याला भोक कापायला सांगतील. बुरशीला काय, बोलायचं नसतं.

पण डागाची रुंदी त्याला मोजायची गरज नव्हती. एकशे आठ मिलिमीटर. काल त्या डट्ट्यावर तळहात फिरलाच नव्हता. तो जमिनीच्या दोन मिलिमीटर वर राहिला होता, आणि आज तीन मिलिमीटरवरून आलेल्या पात्याने तिथलं गवत एका मिलिमीटरवर, मुळांपर्यंत भादरलं होतं. आणि दुपारी औषध मारलं तर काय होणार, तेही त्याला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी अशाच उन्हात ह्या नाजूक गवतावर औषध मारलं होतं. सासूबाई तीन आठवडे पिवळ्या पडून होत्या. आता हातात आठवडाच उरला होता.

"मॅडम, औषध नको."

"काका, पसरली तर?"

"पसरणार नाही. बुरशी नाही ती." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "डट्टा माझा वर राहिला. काल हात फिरवला नाही मी. फोटो काढत होते."

वस्तऱ्याने तोंड फिरवलं. मॅडमनी हळू आवाजात म्हटलं, "काका, आज गुरुवार आहे."

"माहीत आहे."

"नऊला भेटायचं ठरलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं, "पण मी लवकर येतो. लवकर आलं की खरं काय ते कळतं."

भिंतीपाशी एक उंच, वयस्कर माणूस उभा होता. गळ्यात समितीचं ओळखपत्र, काखेत वर्तमानपत्र. तो कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उतरला. निरीक्षक चालत डागापाशी आले, त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, फोटो बघितला, मग ओळंब्याकडे बघितलं.

"हा फोटो याच डट्ट्याचा?"

"हो साहेब."

"हात हवेत आहे तुमचा."

"हो साहेब. आणि तोंड कॅमेऱ्याकडे."

निरीक्षकांनी घडी घालून कागद खिशात टाकला. "या ग्रीनवर गेल्या महिन्यात किती भोकं कापलीत?"

"रोज एक. तीस."

"म्हणजे तीस डट्टे इथेच कुठेतरी आहेत. थांबा, सांगू नका." ते गुडघ्यांवर बसले. मग हातांवर आले. साठीचा माणूस, इस्त्रीची पँट, दवाने भिजलेल्या गवतावर रांगत होता. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून बघत होता, बोटांनी चाचपत होता. बरीच मिनिटं गेली. वस्तरा ओळंब्याच्या कानाशी कुजबुजला, "चष्मा पडला का रे त्यांचा?"

"गप्प बस."

निरीक्षक एका जागी थांबले. "इथे एक."

"नाही साहेब. ती गांडुळाने काढलेली माती आहे."

"मग कुठे?"

ओळंबा पुढे गेला. भिंतीतल्या काळ्या दगडाकडे बघितलं, तिथून सात पावलं मोजली आणि बोट टेकवलं. "हा परवाचा." दोन पावलं डावीकडे. "हा सोमवारचा. तुमचा गुडघा रविवारच्यावर आहे."

निरीक्षकांनी गुडघा उचलून खाली बघितलं. त्यांना काही दिसलं नाही. तळहात फिरवला. त्यांना काही लागलंही नाही. ते तसेच बसून राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"दर महिन्याला तीस," ते स्वतःशीच हिशेब करत म्हणाले, "आणि एकतीस वर्षं. याआधी किती वर राहिले?"

"पहिल्या वर्षी दोन. नंतर कालचा."

"चला, कापून दाखवा." त्यांनी उताराच्या अवघड भागात पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

ओळंब्याने खिशात हात घातला. ओळंबा काढला तेव्हा वजन डोलत राहिलं, स्थिर होईना. तो थांबला. वजन आपल्या वेळेने थांबतं, त्याला घाई करून चालत नाही, हे तो गवंडीपणापासून शिकला होता. ते थांबलं. त्याने कटर दोरीच्या रेषेत धरला, दाबला, फिरवला, डट्टा काढला, भोकात काठी धरून ठेवणारा पेला बसवला, काठी रोवली. जुन्या भोकात डट्टा ठेवला, पाणी दिलं, आणि सगळे बघत असताना डोळे मिटून तळहात फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग उठला.

निरीक्षकांनी बॅगेतून कोन मोजायचं डिजिटल यंत्र काढून काठीला लावलं. आकडा बघितला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा लावलं.

"काय आलं?" मॅडमना राहवलं नाही.

"शून्य," निरीक्षक म्हणाले. "आमच्या माणसाचं अर्ध्या अंशापर्यंत येतं, आणि तो चांगला आहे." ते ओळंब्याकडे वळले. "चारही दिवस तुम्हीच. माझा माणूस तुमच्याबरोबर राहील, शिकेल. एक अट आहे. तुम्ही काम करत असताना कॅमेरा घेऊन कुणी शंभर पावलांच्या आत आलं, तर त्याला तळ्यात ढकलायचं."

"मी ढकलतो," वस्तरा म्हणाला.

डाग त्याच दुपारी गेला. ग्रीनच्या कडेला, जिथे खेळ होत नाही, तिथून ओळंब्याने चांगल्या गवताचा डट्टा आणला आणि त्या जागी बसवला. मॅडम शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मी सगळ्या ग्रीनवर औषध मारलं असतं हो." त्यांनी हात पुढे केला. "मलाही शिकवा ना." त्याने त्यांचा तळहात धरून डट्ट्याच्या कडेवर ठेवला. "डोळे मिटा," तो म्हणाला. त्यांनी मिटले.

संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा बायको एका कोटाच्या बाहीवर रफू करत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. वस्तऱ्याने फोन करून सगळ्या गल्लीला पुरेल एवढ्या आवाजात सांगितली होती. तरी तिने त्याच्याकडून पहिल्यापासून ऐकून घेतलं. दोरा तोंडात होता म्हणून मधे बोलली नाही.

"तो फोटो काढ," तो शेवटी म्हणाला. "त्याच वेळी चूक झाली माझी. हात बघ, हवेत आहे."

ती उठली, फोटोजवळ गेली, चष्मा वर सारून हात बघितला. मग सैल झालेली टाचणी काढून अंगठ्याने आणखी घट्ट दाबली.

"राहू दे. तीस वर्षांत एक चूक, आणि तिचाही फोटो निघालाय. असं कुणाचं असतं?" ती परत मशीनवर बसली. "टीव्हीवर तुम्ही दिसाल ना पण?"

"मी नाही. आम्ही उजाडताच काम आटपून बाहेर. भोक दिसेल."

"कुठलं?"

"चौदावं. सगळे तिथेच कॅमेरे लावतायत."

तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली. समोर कोट घ्यायला आलेला माणूस उभा होता, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "स्पर्धा बघणार ना तुम्ही? चौदाव्यावर झेंड्याची काठी दिसेल, तिच्या बुडाशी नीट बघा. ते आमच्या ह्यांचं आहे."