विहिरीतला तांबडा पट्टा

टाकव्याच्या आमच्या शेतात विहीर खणली त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होतो. वडगावच्या शाळेत नुकताच ट्रेन्ड मास्तर झालेलो, भूगर्भशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक वाचलेलं, आणि अंगात विद्येची मस्ती.

पंधरा-सोळा हात काळा पाषाण फोडल्यावर खाली हातभर जाडीचा तांबडा पट्टा लागला. मी लगेच खाली उतरलो आणि खणणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला तिथंच धडा द्यायला लागलो. वरचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस, खालचा त्याच्याही आधीचा. मधे ज्वालामुखी थंड पडले, ऊनपावसानं दगडाची माती झाली, पुढच्या रसानं ती भाजून तांबडी केली. हे सगळं फार जुन्या युगातलं.

"म्हंजी कलियुगावानी?" त्यानं विचारलं.

"नाही रे. पुराणातल्या युगांची वर्षं ठरलेली. हे युग दगडावरून ओळखायचं. थर कुठं बदलले, त्यांत कुठले जीव गाडले गेले, त्यावरून त्याची हद्द ठरते. एकेक युग लाखो वर्षांचं."

त्यानं पट्ट्याला अंगठ्यानं दाबून पाहिलं. "आसंल. पन मास्तर, ह्याला हवा लागली की ह्यो फुगतो, मंग भुगा व्हतो. वरचा दगुड अधांतरी ऱ्हातो. दोन दिस द्या. दगडी बांध घालून टेकू देतो, मंग फुडं खणू."

थोरला भाऊ काठावर उभा होता. पाऊस आठ दिवसांवर आलेला, पाण्याचा अजून पत्ता नव्हता. तो वरून मला म्हणाला, "तू शिकल्याला हाईस. तूच सांग."

मी अक्कल पाजळली. "लाखो वर्षं हा दगड जागचा हललेला नाही. दोन-चार दिवसांत काय ढासळतोय?"

भाऊ हसला. म्होरक्या पहार उचलून खाली खणायला लागला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यातून तांबडा भुगा गळायला लागला. मी तो पाहिला आणि गप्प बसलो, कारण आता शब्द मागं घेणं जिवावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वरची शिळा सुटली. आवाज फारसा झालाच नाही. काठावर म्होरक्याची बायको रहाट धरून बसली होती. पाटी भरली की तो खालून हाक द्यायचा. धुरळा बसला तरी ती त्या हाकेची वाट बघत राहिली.

पुस्तक चुकलेलं नव्हतं. पट्टा एवढा काळ टिकला तो झाकलेला होता म्हणून, आणि उघडा पाडला आम्ही. हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. मला माझी आजही चीड येते.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी वर्गात युग शिकवत आलोय. पोरं विचारतात, गुरुजी, लाखो वर्षं म्हणजे किती? मी फळ्यावर शून्यं काढून दाखवतो. त्यानं माझ्याकडे दोन दिवस मागितले होते.