सिमरोलचा ट्रॅक मी साफ केला त्याची गोष्ट

हे सांगावं की नको या विचारात माझा चहा गार झाला बघा. पण माझा नवरा समीर सांगेल तेव्हा तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा मीच सांगते.

लग्न होऊन साताऱ्याहून, स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या इंदुरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला ओला कचरा, सुका कचरा अशी दीक्षा दिली. "बघ हं, इथे नव्या सुनेला पोळीवरून नाही, डस्टबिनवरून जोखतात!" मी मुळात अबोल. बोलून छाप पाडणं आपल्याला जमायचं नाही. म्हटलं, सफाईनेच पाडू.

समीर आणि त्याचे मित्र दर रविवारी इंदूरबाहेर सिमरोलजवळच्या माळावर घाम गाळायचे. "मुलांसाठी सायकलचा ट्रॅक बनवतोय," एवढंच त्याने सांगितलेलं. मीही जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं असतं का?

त्या रविवारी मुलं पहिल्यांदाच सायकली घेऊन येणार होती. मीही गेले. फावड्याला हात लावला की ग्रुपचे म्होरके राठौर भिया (इंदुरात भैयाचा भिया होतो) ओरडायचे, "अरे भाभीजी, आप तो बैठो!" घमेलं उचललं, "भाभीजी, आप तो बैठो!" अहो, नवी नवरी म्हणजे काय शोकेसमधली बाहुली?

मग सगळी पलटण पोहे-जलेबी आणायला गेली. पोटात पोहे गेल्याशिवाय इंदुरात सकाळ झाली असं कुणी मानतच नाही. मागे उरले मी आणि मुरूम घेऊन आलेले ट्रॅक्टरवाले मांगीलालजी.

मी ट्रॅक नीट बघितला आणि कपाळाला हात लावला. वाटेत मधोमध मातीचे ढिगारे. पुढे दगड पसरलेले. त्यापलीकडे फळ्या आडव्यातिडव्या. आणि मुलं यायची वेळ झालेली! ढिगाऱ्यांवर कुणीतरी पाणीसुद्धा मारलेलं. उकरायला सोपं जावं म्हणून असणार, दुसरं काय?

मांगीलालजी म्हणाले, "भाभीजी, ये सब बराबर कर दूँ क्या? साइकिल तो सपाट पे ही चलेगी।"

इंदुरात पहिल्यांदाच कुणीतरी माझा हुकूम मागत होतं! मी म्हटलं, "कर दीजिए।"

ट्रॅक्टरच्या मागचा पाटा फिरला, ढिगारे गायब. मी दगड वेचून कडेने ओळीत मांडले, फळ्या रचून झकास बाक केला. इतक्यात समीरचा फोन.

"मुलं पोचतायत. ट्रॅक ठीक आहे ना?"

"आता ठीक आहे," मी म्हटलं.

पलटण परतली. राठौर भियांच्या हातातला पुडा तिरका झाला, शेव भुरभुर सांडली.

"भिया," एकाने विचारलं, "अपने जंप कहाँ गए?"

समीर हळूच माझ्या कानाशी आला. "अगं, ते ढिगारे हाच ट्रॅक होता. त्यांच्यावरून सायकल उडवायची. दगडांतून काढायची. फळीवर तोल सांभाळायचा."

"आणि बाक?"

"बाक नव्हता तो."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण तिलाही मीच दाबून सपाट केलेलं!

मुलं आली. एक चिमुरडी सायकल टेकवून म्हणाली, "अंकल, ऐसा तो हमारी कॉलोनी में भी है!"

राठौर भियांनी एक मोठा श्वास घेतला. "चलो बच्चो, पहले पहाड़ बनाओ, फिर चढ़ो!" मुलांनी सायकली टाकल्या नि मातीत घुसली. मीही घमेली उचलत सुटले. त्या दिवशी मला कुणी "बैठो" म्हटलं नाही. दुपारपर्यंत एक वाकडा ढिगारा उभा राहिला, आणि त्याच्यावरून मुलं अशी किंचाळत उडाली की मला जरा हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी गेले, तर फाटकावर नवाकोरा बोर्ड: "यहाँ सफाई करना सख्त मना है।"

अख्ख्या इंदुरात असा बोर्ड हा एकच असेल. त्याच्याखाली एक खुर्चीही मांडलेली होती. कुणाची, ते विचारावं लागलं नाही. गुपचूप जाऊन बसले.