छबूबाईची कण्हेर

छबूबाईनं माणसाचं रक्त एकदाच सांडलं, तेही डाव्या हातानं.

राणीसावरगावच्या कडेला तिचं पत्र्याचं घर. नवरा उसाच्या फडात साप चावून गेला. तेव्हापासून लेक ज्ञानेश्वरीला घेऊन ती टोळीबरोबर ऊसतोडीला जाई. दिवाळीनंतर दाराला लागलेलं कुलूप पाडवा उलटल्यावरच निघे. अंगणात तिनं मोगरा लावला, जास्वंद लावली. दरसाल परत येऊन वाळल्या काड्या चुलीत घातल्या. शेवटी देवळामागच्या कण्हेरीच्या फांद्या आणून तिनं हद्दीच्या आतून ओळीनं खोवल्या. खाली मुरूम, वर दिवसभर ऊन, हिवाळा-उन्हाळा पाण्याचा थेंब नाही. तरी कण्हेर जगली. एका चैत्रात टोळी परतली, तर बंद घरापुढं लालभडक फुलं. छबूबाई डोक्यावरचं बोचकं न उतरवताच बघत राहिली.

पलीकडं चुलत दीर चंद्रभान राही. त्याला ट्रॅक्टर वळवायला जागा हवी होती.

"वयनी, झाडं काढा. माझ्या जाग्यात यायलीत."

"हद्दीच्या आत हायेत, भाऊजी. मोजणी आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊनच आला. छबूबाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. त्यानं दांडा घातला तो थेट तिच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज ज्ञानेश्वरीला चुलीपाशी ऐकू आला. छबूबाई पडली, तशी त्यानं बरगडीत लाथ घातली आणि सगळी ओळ तोडली. फांद्या सरपणाला म्हणून स्वतःच्या अंगणात ओढून नेल्या.

ज्ञानेश्वरीनं कामट्या बांधून हात आवळला. गंगाखेडला दवाखान्यात न्यायला जीप मिळेना. दुपार कलली आणि पलीकडून बैलाचं हंबरणं आलं. कण्हेर विषारी, हिरवी असताना जनावर तिला तोंड लावत नाही. उन्हात कोमेजलेली फांदी मात्र त्यानं खाल्ली होती. तोंडातून फेस, पाय झाडतोय. चंद्रभानची बायको सरजाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बघता बघता पाय ताठ झाले.

चंद्रभान कुऱ्हाडीसकट धावत आला.

"माझा बैल खाल्लास तू."

केसांना धरून त्यानं तिला दारातून फरफटत नेलं. दाराशेजारी पत्र्यात खोचलेला कोयता तिच्या डाव्या हाताला लागला. पहिला घाव त्याच्या खांद्यात रुतला. त्यानं कुऱ्हाड उचलली, तसा दुसरा कोपराखाली बसला. कुऱ्हाड गळाली. त्याच्या रक्तानं तिचं तोंड भरलं. तिसऱ्यांदा कोयता उचलला तेव्हा धावून आलेल्या माणसांनी तिला मागून धरलं.

पोलीस ठाण्यात जमादारापुढं सरजाबाईच बोलली. "फांद्या ह्यांनीच आणून टाकल्या. मी नको म्हणलं होतं." दवाखान्यातून घरी आल्यावर चंद्रभाननं चांगल्या हातानं तिला दातातून रक्त येईतो मारलं. ती पाथरीला भावाकडं गेली ती गेलीच.

वकिलानं छबूबाईला पढवलं होतं, भीतीपोटी वार केला म्हणायचं. जमादारानं विचारलं, "मारायचा इरादा होता का?"

"होता. उजवा हात धड असता तर तो वाचला नसता."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "मावशी, परत सांगा, नीट."

तिनं तेच सांगितलं.

खटला अजून चालू आहे, ती जामिनावर सुटलीय. आता मनगट वाकडंच जुळलंय, कोयता धरवत नाही. तोडीला ज्ञानेश्वरी एकटी जाते. छबूबाई घरीच असते, आणि पलीकडं चंद्रभान असला तरी रात्री दाराला कडी घालायची तिला आठवण राहत नाही.