नाव कमी करणे

तहसील कचेरीत रेशन कार्डाच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली. लोकांची नावं चढवायची आणि उतरवायची, एवढंच काम. घरात मूल आलं की नाव वाढवणे. मुलीचं लग्न झालं किंवा माणूस गेलं की नाव कमी करणे. मुलीचं नाव कमी करताना भलेभले बाप रडवेले व्हायचे. मी शिक्का उचलायचो आणि म्हणायचो, "अहो, कागदच आहे तो. कागदावरनं गेली म्हणून मुलगी थोडीच जाते?" लोकांची समजूत घालण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

दुसरा नियम चुलीचा. भाऊ-भाऊ एका छपराखाली राहिले तरी चुली दोन असतील तर कार्डं दोन. तक्रार आली की मी स्वतः जाऊन चुली मोजायचो. एका घरी वाटणी झाल्यावरही सगळ्यांचं धान्य आपल्याच कार्डावर मिळावं म्हणून थोरल्या सुनेनं दुसरी चूल पोत्याखाली झाकून ठेवली होती. मी राखेजवळ हात नेला, तर ती गरम होती. या खमकेपणाचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

बायको गेल्यावर मुलानं मला इकडे अमेरिकेत, कॅरी गावी आणलं. घरात कुणी वाईट नाही, हे आधीच सांगतो. मुलगा आणि सून दोघंही सकाळी आठला गाड्या काढतात. नातवंडं "हाय आजोबा" म्हणून जिना चढतात आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलतात. प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी आणि जेवणही वेगळं. मी फोडणी घातली की स्मोक अलार्म कोकलायला लागायचा, म्हणून मुलानं मला गॅरेजमध्ये इंडक्शनची शेगडी मांडून दिली. वर शेल्फ, शेल्फात माझे डबे. त्यानं ते फार प्रेमानं केलं होतं. मी मात्र पहिल्या दिवशी तिथं भाताचं आधण ठेवलं आणि मनात म्हटलं, झालं, चुली दोन.

आल्या आल्या त्यानं माझा आरोग्य विमाही काढला. लॅपटॉपवर फॉर्म भरताना कुटुंबात किती माणसं, या प्रश्नापुढे त्यानं एक लिहिलं. मी म्हटलं, पाच ना रे? तो म्हणाला, "बाबा, ते टॅक्स कोण कुणाबरोबर भरतं त्यावर असतं. तुमचं सेपरेट फाइल होणार, सो तुम्ही एकटेच." त्याचं बरोबर होतं. माझ्या टेबलावर असतो तर मीही तेच लिहिलं असतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दिवस काढायला मी चालत लायब्ररीत जाऊ लागलो. तिथेच तो भेटला. अफगाण, माझ्याच वयाचा, दाढी पांढरीशुभ्र. काबूलमध्ये त्याची तंदूरची भट्टी होती. तिथून पळून दिल्लीला आला, आपल्या अर्जाचा निकाल लागण्याची वाट बघत तिथं अकरा वर्षं राहिला, बायकोला तिथंच पुरलं, आणि आता निर्वासित म्हणून इथे येऊन दोन महिने झाले होते. मुलगा जर्मनीत. निर्वासितांचं बघणाऱ्या एका संस्थेनं त्याला लायब्ररीच्या पलीकडे दोन तरुण मुलांबरोबर खोली दिली होती. ती मुलं दिवसभर कामावर. त्याचं हिंदी दिल्लीचं, माझं कचेरीतलं. तेवढ्यावर आमचं भागत होतं.

दुपारी बारा वाजता आम्ही बाहेरच्या बाकावर जेवायचो. तो फडक्यात गुंडाळलेली रोटी आणायचा, मी डब्यात पिठलं नाहीतर मटकीची उसळ. रोटी भाजणाऱ्याला साखरेचा आजार, म्हणून मी त्याला रोज एक टोमणा मारायचो आणि तो रोज दुसरा तुकडा मोडायचा. दिवसात मी मोठ्यानं बोललेली वाक्यं बहुतेक त्या अर्ध्या तासातलीच असत.

एका सोमवारी त्यानं खिशातून एक पाकीट काढलं. आठवडाभर खिशातच होतं ते. सरकारी पत्र कुणी समजावून देईल तेव्हा उघडू, असा त्याचा हिशेब. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त अंगवळणी पडलेलं. मी चष्मा लावला. पत्र काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीचं होतं. तुमच्या आरोग्य विम्याचा अर्ज अपुरा आहे, कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीची कागदपत्रं शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर अर्ज बंद होईल.

मी विचारलं, इन्सुलिन किती शिल्लक आहे? दिल्लीहून आणलेल्यातलं टोचायचं एक पेन, तो म्हणाला, तेही अर्धं. मग मी खालची ओळ वाचली. दुसरी व्यक्ती, नातं भाऊ, आणि पुढे माझं नाव. स्पेलिंगची पार वाट लावलेली, पण नाव माझंच.

मला राग आला. खोटं नाव घुसवणारे मी आयुष्यभर पकडले होते, आणि आता माझंच नाव खोटं. मी त्याला चारचौघांत झापलं. म्हटलं, ये क्या किया तुमने, मैं तुम्हारा भाई कहाँ से हो गया? तो गोंधळून गेला. अर्ज भरताना फोनवरच्या दुभाष्यानं विचारलं होतं, तुमच्याबरोबर कोण आहे. त्यानं जे होतं ते सांगितलं.

"रोज साथ खाते हैं," तो म्हणाला. "और किसका नाम लिखवाता?"

मी पत्र घडी करून पाकिटात घातलं.

संस्थेतल्या मुलीला फोन केला. ती भली होती, पण तिच्याकडे अशी चाळीस माणसं. तिला शुक्रवारनंतरच वेळ होता. रात्री मुलाला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, ही नसती उठाठेव तुम्ही कशाला करताय, तुमचे स्वतःचे पेपर्स अडकायचे त्यात. मग त्यानं फोनवरून दुसऱ्या दिवशीची टॅक्सी बुक करून दिली, जायची आणि यायची. माझा मुलगा कधी नाही म्हणत नाही. फक्त बरोबर येत नाही.

मंगळवारी आम्ही कचेरीत नंबर घेऊन बसलो. त्यानं धुतलेला कुर्ता घातला होता. फडक्यात रोटी होतीच. पेन त्यानं वरच्या खिशात ठेवलं होतं आणि मधूनमधून हात लावून बघत होता. काउंटरच्या आत बसायची सवय असलेल्या माणसाला बाहेर बसणं किती लांबलचक वाटतं, ते मला त्या खुर्चीवर कळलं.

नंबर लागला. काचेपलीकडे चष्मेवाल्या बाई होत्या. मी सगळं सांगितलं. चूक झाली, यांच्या घरी दुसरं कुणी नाही. त्यांनी माझं ओळखपत्र घेतलं, स्क्रीनवरच्या नावाशी ताडून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही यांचे भाऊ नाही? नाही. नातेवाईक? नाही. एकत्र राहता? नाही. मी भराभर उत्तरं देत होतो. कुणी असं सरळ बोललं की मला पूर्वी किती बरं वाटायचं.

मग त्या म्हणाल्या, तर मग यांच्या कुटुंबात किती माणसं?

तो माझ्या शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण आकडे येत होते. मी म्हटलं, "वन."

त्यानं मान खाली घातली. बाईंनी दोन कळा दाबल्या आणि माझं नाव गेलं. शिक्कासुद्धा लागला नाही. पुढे सगळं सुरळीत झालं. अर्ज तिथंच मंजूर झाला, नंबर छापलेला कागद हातात मिळाला, आणि आजच औषधाच्या दुकानात हा दाखवा, कार्ड मागाहून पोस्टानं येईल, असं बाईंनी सांगितलं. मी त्याला ते दोनदा समजावलं. तो हो हो म्हणत राहिला.

टॅक्सीला अजून वेळ होता. आम्ही बाहेर पायऱ्यांजवळच्या बाकावर बसलो.

"काट दिया?" त्यानं विचारलं.

"काट दिया."

मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझीच समजूत घालू लागला.

"काग़ज़ ही तो है, भाईसाहब."

मी रडलो. भर दुपारी, सरकारी कचेरीच्या दारात, त्या सगळ्या बापांसारखा. या देशात दोन कागदांवर माझ्या घरच्या माणसांचा प्रश्न आला होता. एकावर पोटच्या पोरानं एक लिहिलं होतं. दुसऱ्यावर कुणीतरी मला आपल्यात धरलं होतं, तर तिथून मी स्वतःच्या तोंडानं नाव कमी करून आलो होतो. आणि तीस वर्षांत एकाही बापानं मला उलट विचारलं नव्हतं, की नुसता कागदच आहे, तर राहू दे ना तिचं नाव.

त्यानं फडकं सोडून रोटीचे दोन भाग केले. मी डबा उघडला. पिठलं गार झालं होतं, पण आम्ही ते सगळं संपवलं.