नाव घातलेले डबे

बहरीनमध्ये नोकरी संपली की व्हिसा खलास. मग माहूजच्या फ्लॅटमध्ये तुम्ही कितीही वर्षं गणपती बसवलेला असो, सामान आवरायचं आणि निघायचं. माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा मुलगी वेल्सहून फोनवर म्हणाली, "बाबा, दरवर्षी समरमध्ये माझ्याकडे या ना. रूम आहे." बायकोने त्या एका वाक्यावर पुढचं सगळं आयुष्य बेतलं. थंडीत चिपळूण, उन्हाळ्यात लेक. ती खोली बघायला आम्ही गेल्या जूनमध्ये गेलो.

गाव म्हणजे नाटकाचा सेट हो! वर पडका किल्ला, खाली दगडी खांबांवर उभा असलेला जुना बाजार, मागे डोंगर, आणि डोंगरावर मेंढ्या अशा अंतराअंतरावर, की पहाटे कुणीतरी मांडून ठेवल्या असाव्यात. मी बहरीनमधल्या, जुफैरच्या मित्रांना व्हिडिओ पाठवून यथेच्छ जळवत होतो. "बघा लेको! तुम्ही बसा एसीची बिलं भरत!"

बाजाराच्या दिवशी मुलगी कामावर गेली आणि आम्ही दोघं बाजारात. बायको चीजच्या दुकानापाशी रेंगाळली. मी शेजारच्या दुकानात शिरलो. लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकायचं दुकान ते. गल्ल्यावरच्या आजीबाई गप्पिष्ट निघाल्या. रस्त्यावरच्या पाट्यांवर त्यांची भाषा आधी आणि इंग्रजी नंतर का, हे त्यांनी मला रंगवून सांगितलं. "घरात बोललं नाही तर जाते हो भाषा," त्या म्हणाल्या. आमची लेक पहिलीपासून मला इंग्रजीतच उत्तरं देत आली आहे. मी मान डोलावली.

मान डोलावता डोलावता त्यांच्यामागच्या फळीकडे लक्ष गेलं. चिनी मातीची कुत्री, बिनझाकणाची किटली, आणि मधोमध फराळाचे स्टीलचे चार डबे. एकात एक बसणारे.

हे डबे बायकोने चिपळूणच्या भांड्यांच्या दुकानातून घेतले होते. नाव घालणाऱ्याच्या डोक्याशी उभी राहून प्रत्येक अक्षर नीट काढून घेतलं होतं.

"सुंदर आहे ना नक्षी?" आजीबाई म्हणाल्या.

नक्षी! मी एक डबा उचलला, घसा खाकरला आणि पल्लेदार आवाजात बायकोचं नाव आणि त्याखालचं "कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ" वाचून दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे काय हो?"

"लग्नात आईने मुलीला दिलं."

टाळ्या थांबल्या. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उगाचच किटली पुसायला घेतली.

तेवढ्यात दारात बायको. मी डबा ठेवला आणि फळीसमोर आडवा झालो. माझा देह तसा पडद्याच्या कामाचा आहे.

"काय बघताय?"

"किटली."

"सरका."

सरकलो. तिने वरचा डबा घेतला, नावावरून अंगठा फिरवला, झाकण उघडून आत वास घेतला.

"घेऊया का?" मी विचारलं.

"दिलेलं कुणी परत घेतं का?" तिने झाकण दाबून बसवलं आणि चारही डबे ओळीत नीट लावून ठेवले.

रात्री लेकीबरोबर जेवायला बसलो. माझ्या जिभेला हाड नाही. "डबे कुठे गं?" मी विचारलंच.

"बाबा, किचन केवढंसं आहे. नोबडी यूजेस देम. प्लीज, आता इश्यू करू नका."

किचन खरोखरच केवढंसं होतं. बायको आमटी वाढत म्हणाली, "बरोबर आहे तिचं. जागा कुठाय?"

मुलीला हायसं वाटलं. तिला वाटलं, विषय डब्यांचा होता.

परत आल्यावर माहूजला मित्रमंडळी जमली. मी किल्ला, बाजार, मेंढ्या सगळं हातवारे करून सांगितलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग काय वहिनी," एकाने विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यापासून मुक्काम वेल्सला?"

"छे हो," बायको म्हणाली, "चिपळूणलाच राहणार बारा महिने. तिकडची थंडी नाही सोसत मला."

वेल्सच्या त्या पंधरा दिवसांत तिने एकदाही स्वेटर घातला नव्हता.